मामा म्हणायचं नाही

माणसाची ओळख मला आधी पायांकडून होते, चेहऱ्याकडून नंतर. बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला ही खोड लागतेच. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे पाय हातात घ्यायचे, तर दुसरं दिसणार काय? त्यामुळे तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा आधी दिसले ते काळे, नाडीवाले, रोज पुसलेले बूट. डाव्या बुटाची टाच मात्र बाहेरच्या अंगाने झिजलेली. मनात म्हटलं, माणूस नीटनेटका आहे, पण चालतो घाईघाईने.

मी पोषण साहाय्य कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. एका कडेवर भाचा, दुसऱ्या खांद्यावर कागदांची पिशवी. भाच्याला घरात सगळे पैलवान म्हणतात, पण त्यावरून फसू नका. वय अडीच, अंगावर मूठभर मांस नाही, आणि तोरा असा की सगळं गाव त्याच्या तालमीत शिकलेलं. एक बूट त्याने वाटेतच काढायला लावून पिशवीत धाडला होता; तिसऱ्या-चौथ्या पायरीवर त्याने पाय झाडला, दुसराही उडाला आणि मागून येणाऱ्या त्या काळ्या बुटांपुढे जाऊन पडला.

काळे बूट थांबले. एक हात खाली आला, त्याने तो इवलासा बूट उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या कडेवर लोंबणाऱ्या पायात घालायला घेतला.

“उलटा घालताय,” मी म्हणाले.

“काय?”

“बूट. तो डाव्याचा आहे, तुम्ही उजव्यात घालताय.”

“लहान मुलांच्या बुटांतसुद्धा डावा-उजवा असतो?”

“मोठ्यांच्या असतो ना? मग लहानांनी काय घोडं मारलंय?”

आता मी चेहरा पाहिला. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता, पण ते डोळ्यांतून निसटत होतं. ते बघून मला उगीचच केसांवरून हात फिरवावासा वाटला... पण हात मोकळा नव्हता.

“उलता,” पैलवान म्हणाला. त्याला नवा शब्द सापडला होता. त्या दिवसापासून आमच्या घरातली पातेली, उशा, आजी, सगळं उलता झालं.

मी तरातरा आत गेले. लांबलचक खोली, भिंतीला लागून बाकं, बाकांवर आया आणि त्यांच्या मांड्यांवर पोरं. दुधाचा आणि ओल्या लंगोटांचा मिळून एक वास. समोर दोन टेबलं होती. एकापाशी जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या हेडबाई बसल्या होत्या, मान वर न करता लिहीत. दुसऱ्यापाशी काटा होता, उंची मोजायची पाटी होती आणि खुर्ची रिकामी होती. दार उघडलं. काळे बूट आत आले, खुंटीवरचा पांढरा कोट अंगावर चढला आणि तो माणूस त्या रिकाम्या खुर्चीत बसला.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटायची पाळी पूर्वी आली नव्हती असं नाही, पण त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं.

“या,” तो म्हणाला. “काट्यावर कोणता पाय आधी ठेवायचा, तेही सांगून टाका. मागाहून बोलणी नकोत.”

मी तिथे का गेले होते ते आता सांगायला हवं. ताईला दुसरं बाळ झालं, आणि त्याच महिन्यात भावोजींचा कारखाना बंद पडला. ते काम शोधायला दुसऱ्या गावी गेले. ताई तान्ह्या मुलीला आणि पैलवानाला घेऊन आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे आई, मी आणि दोन खोल्या. घरात कोणी उपाशी झोपत नव्हतं, पण ताटं वाढताना सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच्या ताटाकडे असायचं. ताई आपलं अंडं पैलवानाच्या ताटात सरकवायची. आई आपलं ताईला द्यायची, ताई ते मला, मी परत आईला. एक अंडं असं घरभर हिंडून गार व्हायचं आणि शेवटी पैलवानच ते खायचा. बाळाला दूध पुरेना तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, “बाळंतिणीने खाल्लं नाही तर बाळाला कुठून मिळणार? अर्ज करा. दर महिन्याला दूध, अंडी, धान्य, फळं मिळतात, आईलाही आणि पोरांनाही.”

आईला ते पटलं नाही. “आपल्या घरातलं कोणी आजवर सरकारच्या दारात उभं राहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“दारात उभं नाही राहायचं. आत बाकं आहेत,” मी म्हणाले आणि निघाले. ताईला अजून चालवत नव्हतं.

तर काट्यापाशी आल्यावर पैलवानाचे कपडे काढायचे होते. स्वेटर काढला, खाली सदरा निघाला. सदरा काढला, खाली आणखी एक सदरा. त्याखाली गंजी.

“मूल आहे की कांदा?” तो पुटपुटला.

पैलवानाचं पोट टम्म फुगलं होतं. त्यावर त्याने बोटाने हलकेच वाजवलं. “सकाळी काय खाल्लं राव?”

“केलं,” पैलवान म्हणाला. “दूद. केलं. दूद. केलं.”

मी मान खाली घातली. निघताना आईने त्याला भिंतीशी उभं करून दूध आणि केळी भरवली होती. चारचौघांत पोर हडकुळं दिसलं तर लोक म्हणतील, आजीच्या घरी उपाशी ठेवलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यावर तो हसला नाही.

“सगळ्या आज्या हेच करतात,” तो म्हणाला. “नातवाला वजनाला नाही, परीक्षेला पाठवल्यासारखं. पास होऊन यायला हवा.” मग काट्याकडे बघून त्याचा आवाज जरा खाली आला. “आणि हा झाला पास. तक्त्यावर ती लाल रेघ दिसते? तिच्या खाली वजन असलं तर मदत. हा वर आहे. थोडासाच, पण वर.”

“म्हणजे... नाही मिळणार?”

“आज नाही. फेरवजन करता येतं. पुढच्या आठवड्यात रोजच्या पोटाने आणा. मात्र महिनाअखेरीच्या आत सगळं व्हायला हवं. यादी तेव्हा बंद होते, पुढची तीन महिन्यांनी.”

तीन महिने. ताईच्या चेहऱ्याची हाडं माझ्या डोळ्यांपुढे आली. बहुधा ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्याने पैलवानाला एक-एक सदरा स्वतः घातला, शेवटी बूट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “डावा?”

“डावा,” मी म्हणाले.

* * *

दोन दिवसांनी तो आमच्या दुकानात आला. पाय दिसल्याबरोबर ओळखलं, तरी मी मान वर केली नाही.

“बूट बघायला आलो,” तो म्हणाला.

“बघायचे की घ्यायचे?”

“आधी... बघायचे.”

मी स्टूल ओढलं, त्याचा पाय मापाच्या फळीवर ठेवला. हातात घेतला तेव्हा तो पाय चक्क आकसला.

“काय झालं?”

“रोज एवढ्या पोरांची मापं घेतो. माझं कोणी घेत नाही हो. गुदगुल्या होतात.”

“रडलात तर खुळखुळा नाहीये इथे,” मी म्हणाले. “तुमचा डावा पाय उजव्याहून मोठा आहे. म्हणून तो बूट कुचंबतो आणि टाच झिजते. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?”

“इतकी वर्षं कुणी बघितलं नाही.”

हे तो अगदी साधेपणाने बोलला. मी उगीच फळी पुसत बसले.

बाहेर पावसाची सर आली. गिऱ्हाईक नव्हतं, मालक आत हिशेबात होते, आणि नवे बूट पायात घालून तो समोर येरझाऱ्या घालत होता. चालता चालता म्हणाला, “तुमच्या आईंना रागावू नका. माझ्या आजीने तर माझ्या खिशात गोटे भरले होते.”

“गोटे?”

“मीही त्याच काट्यावर उभा राहिलोय. एवढासा होतो. वजन भरावं, लोकांत लाज राहावी म्हणून आजीने चड्डीच्या दोन्ही खिशांत गोटे घातले. काट्यावर चढताना चड्डीच घसरली. गोटे गडगडत सगळ्या खोलीभर. बायका हसून हसून बेजार. आई मात्र रडायला लागली.”

मला हसू आवरेना. तोही हसत होता, पण मग थांबला. “कारकुनाला वाटलं आम्ही फसवतोय. नाव पुढच्या यादीवर ढकललं. मधले महिने आईने कसे काढले ते मला मोठं झाल्यावर कळलं. म्हणून आता मी आधी खिसे बघतो, मग वजन. आणि काहीही झालं तरी माझ्या टेबलावरून कुणाची फाईल पुढच्या यादीवर ढकलायची नाही, एवढं ठरवलंय.”

जाताना पाऊस होताच. त्याने जुने बूट पायात घातले, नव्या बुटांचं खोकं शर्टाच्या आत घातलं आणि स्वतः भिजत गेला. रस्ता ओलांडताना खोकं नीट आहे ना ते दोनदा चाचपून पाहिलं. मी काचेला नाक लावून बघत होते. मला तो आवडला होता. हे कळायला मला तो समोरच्या कोपऱ्यावर वळेपर्यंतचा वेळ पुरला.

पुढे तो नाडी घ्यायला आला. मग पॉलिश घ्यायला. मग ब्रश. मग पुन्हा नाडी.

“या गृहस्थांना पाय किती आहेत?” मालकांनी मला विचारलं.

गोट्यांची गोष्ट मी घरी सांगितली. ताई बाळाला मांडीवर घेऊन पोट धरून हसली. आई आधी हसली, मग भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्या आजीचं काय चुकलं ग? पोराचं वजन कमी भरलं तर तोंड घरच्या बाईचंच खाली जातं.” पण फेरवजनाच्या दिवशी तिने पैलवानाला रोजच्याएवढंच दूध दिलं. दुसरं केळं सोलायला घेतलं, थांबली आणि स्वतःच खाऊन टाकलं.

त्या दिवशी वजन रेघेखाली आलं. दंडाची पट्टी, उंची, सगळं लिहून झालं. घरमालकांची चिठ्ठी तेवढी राहिली होती. ती दिली की शेवटच्या दिवशी ताईने बाळाला घेऊन स्वतः यायचं आणि काम फत्ते. मी हवेत होते.

आणि मग चिठ्ठी द्यायला गेले त्या दिवशी ते झालं.

त्या खोलीतली झाडून सगळी पोरं त्याला वजनमामा म्हणायची. कुणाला तो शिंगं दाखवायचा, कुणाच्या कानामागून बटण काढायचा, आणि खोलीभर मामा, मामा चालायचं. पैलवानानेही काट्यावर चढून हात पसरले. “मामा!”

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो पैलवानापुढे उकिडवा बसला. “हे बघ. तू मला मामा म्हणायचं नाही.”

“मामा,” पैलवान म्हणाला.

“बाकी सगळ्यांनी म्हणायचं. तू नाही.”

“का?” हे मी विचारलं. “त्याने काय केलंय?”

“काही नाही.”

“मग काय म्हणायचं त्याने?”

“ते... बघू,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. चिठ्ठी घेतली, शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या बाईंना हाक मारली.

घरी येईस्तोवर माझं डोकं भणभणलं. साऱ्या गावाच्या पोरांचा मामा, आणि आमच्याच पोराचा नको? नाड्या घ्यायला येतो म्हणून आम्ही फार लगट करतो असं वाटलं की काय? अर्जदार आहोत, अर्जदारासारखं राहा, असंच सांगायचं होतं ना? त्यानंतर तो दुकानात आला तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन खोकी लावत बसले. मालकांनी त्याला मोजे विकले.

* * *

शेवटच्या दिवशी आम्ही सगळी वरात घेऊन गेलो. ताई, तिच्या छातीशी बाळ, माझ्या कडेवर पैलवान. आणि आई. “मी येते,” एवढंच ती सकाळी म्हणाली होती, आणि ठेवणीतली साडी नेसली होती. खोली गच्च भरलेली. यादी संध्याकाळी बंद होणार म्हणून राहिलेलं सगळं गाव लोटलं होतं. हेडबाईंच्या टेबलापुढची रांग दारापर्यंत, त्याच्यापुढची त्याहून लहान. आम्ही लहान रांगेत बसलो.

आमचा नंबर आला. त्याने ताईला खुर्ची दिली, बाळाकडे बघून हसला. मग आमची फाईल उचलली, उघडली नाही, आणि माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ. आणि उठला. नवे बूट करकरत खोली ओलांडून गेले आणि त्याने आमची फाईल हेडबाईंच्या टेबलावर ठेवली.

“ही तुम्ही बघा.”

हेडबाई म्हणजे कागदाचा कोपरा दुमडला तरी परत पाठवणाऱ्या. आणि ती दारापर्यंतची रांग... संध्याकाळपर्यंत नंबर तरी लागणार होता का? काहीही झालं तरी फाईल ढकलायची नाही म्हणणारा माणूस तो. मी पैलवानाला आईच्या ओटीत टाकलं आणि तडक तिकडे गेले.

“आमचं काय चुकलं?” आवाज खाली ठेवायचा म्हणून मी दातांतून बोलले. “माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढा. ताईचं दूध का अडवता?”

“राग नाही,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“कसला नियम?”

हेच हेडबाईंनाही विचारायचं होतं. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. “कारण सांगा. कारणाशिवाय मी दुसऱ्याची फाईल घेत नाही.”

तो खाकरला. “नातेवाइकांची फाईल आपण हाताळायची नाही, असा नियम आहे.”

“हे तुमचे नातेवाईक?”

“नाही.”

“मग?”

“अजून नाहीत.”

बाकावरच्या आयांची कुजबुज थांबली. एक बाळ रडत होतं, त्याला कुणीतरी पटकन पाजायला घेतलं.

“नीट बोला,” हेडबाई म्हणाल्या.

“व्हावेत अशी इच्छा आहे,” तो म्हणाला. कान पुन्हा लाल. पण आवाज स्थिर होता. “म्हणजे... यांच्याशी लग्न करावं अशी. यांना अजून विचारलेलं नाही. अर्ज मंजूर व्हायच्या आधी विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं की काम अडलंय म्हणून हो म्हणावं लागतंय. आणि न विचारता गुपचूप मीच मंजूर केलं असतं, तर उद्या कुणीतरी बोट दाखवलं असतं आणि यांच्या ताईंचं दूध बंद झालं असतं. म्हणून फाईल तुमच्याकडे.”

मी तिथे उभी होते आणि माझे हात कुठे ठेवावेत ते मला समजत नव्हतं.

मागून ताईचा खुदकन आवाज आला. “अगं वेडे,” ती म्हणाली, “मामा म्हणजे आपला भाऊ नाही का व्हायचा तो? म्हणून नको होतं त्याला.”

सगळं बाक हसलं. मी मात्र त्या शब्दाने गेले कित्येक दिवस आतल्या आत फणफणत होते, आणि आता तो शब्द आठवून मला रडू यायला लागलं.

हेडबाई हसल्या नाहीत. “इच्छा कधीपासूनची?” त्यांनी विचारलं.

“बुटापासून.”

“कोणत्या बुटापासून?”

“पहिल्या दिवशी... पायऱ्यांवर. यांनी मला डावा-उजवा शिकवला तेव्हापासून.”

“म्हणजे तुम्ही केलेली सगळी वजनं इच्छा असताना केलेली आहेत. नातं ठरलं तर ती रद्द. सगळं पुन्हा मोजावं लागेल, आणि माझ्या रांगेतून.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “पण नियम नात्याला लागू आहे, इच्छेला नाही. इच्छा कुणालाही असते. तेव्हा तुम्ही सांगा. तुमचं ‘नाही’ असेल, तर ही फाईल आता लगेच परत यांच्या टेबलावर जाईल आणि पाच मिनिटांत मंजूर होईल. ‘हो’ असेल तर माझ्याकडे राहील, मग रांग आहे आणि मी आहे. लवकर सांगा.”

असला पेच कुणावर आला नसेल. ‘नाही’ म्हटलं की ताईचं दूध, अंडी, सगळं घरी. ‘हो’ म्हटलं की फेरवजन, ती रांग, आणि सकाळी पैलवानाने काय खाल्लं कुणास ठाऊक. मी ताईकडे बघितलं. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“माझ्याकडे काय बघतेस?” ती म्हणाली. “मी बसते रांगेत. तू खोटं बोललीस तर ते दूध माझ्या घशाखाली उतरायचं नाही. आणि काय ते पटकन सांग, बाळ ओलं झालंय.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, आपल्या नव्या बुटांकडे. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. इतक्या नाड्या विकत घेऊन माणसाला एक गाठ धड मारता येत नव्हती.

“फाईल,” मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, “फाईल... बाईंकडेच राहू द्या.”

खोलीत काय गलका झाला ते मी सांगत नाही. हेडबाईंनी टेबलावर पट्टी आपटली तेव्हा तो थांबला. त्यांनी चष्मा चढवला आणि रांगेच्या शेवटाकडे हात केला. रांगेतल्या पहिल्या बाई उठल्या आणि ताईला म्हणाल्या, “तुम्ही बसा माझ्या जागी. माझं पोर झोपलंय, मला घाई नाही.” मागच्याही कुणी हूं की चूं केलं नाही.

आता उरलं होतं वजन. हेडबाईंनी पैलवानाचा स्वेटर काढला. खाली एकच सदरा होता. खिसे बघितले, रिकामे. मग त्यांनी चष्म्यावरून आईकडे नजर टाकली.

“आज काय भरवलं?”

आईने पदर सारखा केला. चारचौघांत हे बोलणं तिला किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. “रोजचंच,” ती म्हणाली. “आमच्याकडे असतं तेवढंच.”

काटा हलला, डुलला आणि थांबला. हेडबाई वाकून बघत राहिल्या. तो लांब आपल्या टेबलापाशी उभा होता, पाठ करून. बघायचं नाही असं त्याने ठरवलं असावं.

“रेघेखाली,” हेडबाई म्हणाल्या.

नातू वजनात कमी भरला म्हणून जीव भांड्यात पडलेली आजी मी त्या दिवशी पाहिली. तिने डोळे पुसले, मग उठली आणि सरळ त्याच्या टेबलापाशी गेली.

“खिशात गोटे भरले होते ते तूच का?” तिने विचारलं.

“हो... आजीने.”

“आहे का ती?”

“आहे. अजून मला बारीक झालास म्हणते.”

“बरोबर म्हणते,” आई म्हणाली. “रविवारी घेऊन ये तिला.”

हेडबाईंनी शिक्का मारला आणि पहिल्या महिन्याची पिशवी ताईपुढे सरकवली. अंड्यांचं खोकं वरच होतं. “हे आईच्या वाट्याचं आहे,” त्या म्हणाल्या. “आईनेच खायचं. मी पुढच्या महिन्यात तुमचंही वजन करणार आहे.” मग पैलवानाला काट्यावरून उतरवत म्हणाल्या, “आणि तू रे, यांना आता मामा म्हणायचं नाही. मावशीचा नवरा कोण? काका.”

“मामा,” पैलवान म्हणाला. तो कुणाचं ऐकत नाही.

“काका म्हण, बाळा,” बाकावरची एक आई म्हणाली. मग दुसरी. मग सगळं बाक त्याला शिकवायला लागलं. पैलवानाने ओठ घट्ट मिटले आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

ताई आणि आई पुढे गेल्या. तो मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. एवढा वेळ सगळ्या खोलीसमोर बोललेला माणूस आता नुसता उभा होता.

“मोजे बरे आहेत का?” मी विचारलं.

“ढगळ आहेत. तुम्ही मागच्या खोलीत होतात, माप कुणी घेतलंच नाही.”

“उद्या या. घेते.”

“रोज येऊ?”

“मालक विचारतात, तुम्हाला पाय किती आहेत.”

तो हसला. मीही हसले. आणि पैलवानाला बहुधा आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटलं, कारण त्याने पाय झाडले आणि दोन्ही बूट उडाले, पायऱ्यांवरून खाली. तो धावत खाली गेला, बूट उचलले, फुंकर मारली आणि मोठ्या काळजीने त्या इवल्याशा पायांत घातले. नाड्या नीट बांधल्या. मग वर माझ्याकडे बघितलं, शाबासकी हवी असल्यासारखं.

मी हसू दाबलं. पैलवानाने आपल्या पायांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“काका,” तो म्हणाला, “उलता.”